दुपट्याची ऊब

१

बाळ रडत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी कुणाकडे जातं का? हिनाची नेमकी तीच तक्रार होती. ती कुणाकडे बोलली नाही एवढंच, कारण बोलली असती तर सातपाटीतल्या बायांनी तिला वेड्यात काढलं असतं. शेजारच्या सुगंधाची नात रात्रभर घर डोक्यावर घ्यायची आणि हिनाची भाविका मात्र अंघोळ झाली, धुरी झाली, दुपट्यात गुंडाळली की झोपली म्हणून समजा. "नशीब काढलंस गो," बाया म्हणायच्या.

हिना हसून वेळ मारून न्यायची. पण ती पडली बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत कापड तपासणारी बाई. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती, तरी सवय थोडीच रजेवर जाते? ठाण अगदी निर्दोष दिसलं की पुन्हा उलगडून बघायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं.

हिनाला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासूनेच केलं. मंजुळा म्हणजे कामाला वाघीण. पोरीला मालीश करायची, शेकायची, ओव्याची धुरी द्यायची आणि वर बोंबील वाळत घालायला अंगणात हजर. नवरा, दर्पण, बोटीवर. गेला की चार-सहा दिवस त्याचा पत्ता नाही. घरात दोन बाया आणि एक तान्हं मूल.

दुपटं सासूनेच शिवलेलं. बारसं होईपर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांचं वापरून मऊ झालेलं लावायचं, ही रीत सगळीकडचीच. मंजुळाने आपलं जुनं लुगडं फाडून जाडजूड, दोन पदरी दुपटं केलं होतं. बारसं होऊन गेलं, नवी झबली आली, पण भाविकाला झोपायला तेच लागायचं.

एका दुपारी हिना मागच्या पडवीतल्या दोरीवरचे कपडे काढत होती. पडवीत ऊन कधीच येत नाही. लंगोट खाऱ्या वाऱ्याने गारठलेले, चिकट. दुपट्याला हात लागला आणि तो तिने झटकन मागे घेतला. दुपटं उबदार होतं. नुकतंच कुणीतरी त्यातून उठून गेल्यासारखं उबदार.

२

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पहिला संशय सासूवर. पोर गप्प राहावं म्हणून जुन्या बाया काय काय चाटवतात, हे हिनाने ऐकलं होतं. तिने घुटीची वाटी हुंगली, बोट बुडवून चाखली. वेखंड, जायफळ, हळकुंड. दुसऱ्या दिवसापासून "आई, मीच उगाळते" म्हणून तिने सहाण आपल्याकडे घेतली. मंजुळाने एक भुवई उडवली आणि "उगाळ की, हात झिजतील तुझेच" म्हणून ती अंगणात गेली.

पोर तशीच झोपली.

मग हिनाने दुसरं दुपटं घालून पाहिलं, बाजारातलं, सशांची चित्रं असलेलं. भाविकाने असं काही भोकाड पसरलं की सुगंधा धावत आली. जुनं दुपटं गुंडाळल्याबरोबर आवाज बंद. जणू नळ बंद केला.

हिना पोरीशेजारी आडवी झाली आणि तिने तिच्या छातीवर हात ठेवला. तान्ह्या पोरांचा श्वास कसा, भुरभुर चालतो, चिमणीसारखा. ही मात्र सावकाश श्वास आत घेत होती. घेऊन थांबत होती. मग तितकाच सावकाश सोडत होती. हिनापेक्षाही सावकाश! थोड्या वेळाने हिनाच्या लक्षात आलं की आपणही तसाच श्वास घ्यायला लागलोय. ती ताडकन उठून बसली.

तेवढ्यात भाविका झोपेत खोकली. दोनदा, लागोपाठ, कोरडं. खं. खं. आणि मग श्वास धरून थांबली.

तो खोकला या घराने रोज ऐकलेला होता. तो कमलाकांतचा होता, तिच्या सासऱ्यांचा. म्हातारा बंदरावरून घरी आला की उंबऱ्यावर थांबून दोनदा खाकरायचा. आतून मंजुळा मान वर न करता म्हणायची, "आला काय तुमी? चा टाकते." त्यावर म्हातारा लांबलचक "हुं" करायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, ओट्यावर बसल्या बसल्याच तो गेला.

योगायोग, हिनाने स्वतःला बजावलं. पोराच्या घशात दूध अडकतं, पोर खोकतं. त्यात काय?

तिने मान वळवली. मंजुळा स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. पोरीकडे बघत होती. हिनाची नजर आपल्याकडे वळलेली पाहून ती चक्क लाजली. या वयात, पदर सावरून, नव्या नवरीसारखी लाजली आणि आत गेली.

३

सासू बाजारात गेल्यावर हिनाने दुपटं मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून बोटं फिरवली. वर लुगडं. आत आणखी एक थर, दाट विणीचा. आणि त्या विणीत मधूनच एक धागा, सुतापेक्षा किंचित ताठ.

तिने कात्रीने कडेचा टाका उसवला. आतून चंदेरी रेघा चमकल्या. हे कापड तिने स्वतः तपासून पास केलं होतं.

कंपनीने म्हाताऱ्या माणसांसाठी बंडी काढली होती. चांदीचा मुलामा दिलेले धागे, छातीशी रुपयाएवढं बटण, सगळं यंत्र त्या बटणातच. अंगातल्या माणसाचा श्वास कसा चालतो हे ती बंडी शिकायची, आणि तो बिघडला की बरगड्यांशी हळूच आवळून, सैल पडून त्याला पुन्हा तालावर आणायची. "आपण शरीराला फक्त आठवण करून देतो," ती बंडी तयार करणारे सुजीत सर मीटिंगमध्ये म्हणाले होते. चाचणीसाठी कामगारांच्या घरचे म्हातारे हवे होते. कमलाकांतला जुना दमा. हिनानेच बंडी घरी आणली.

आणि खोटं कशाला बोला, बंडीने जादू केली. वर्षानुवर्षं भिंतीला टेकून, बसून झोपणारा म्हातारा महिन्याभरात आडवा झोपायला लागला. बंदरावर जाऊन पोरांशी भांडायला लागला. "देवमाणूस हाय तुझा तो साहेब," असं म्हणून त्याने सुजीत सरांसाठी पापलेटं पाठवली होती. पुढे पुढे तो बंडी अंगावेगळी करायलाच तयार होईना. अंघोळीच्या वेळी मंजुळाला ती अक्षरशः ओढून काढावी लागायची.

शेवटी हृदय बंद पडलं, त्याला बंडी काय करणार? कंपनीने सगळ्यांच्या बंड्या परत मागवल्या, तेव्हा मंजुळाने सांगितलं, "अंगावरच होती त्यांच्या. गेली त्यांच्याबरोबर." सगळ्यांनी मान डोलावली. विषय संपला होता.

मंजुळा परत आली तेव्हा हिना उसवलेलं दुपटं पुढ्यात घेऊन बसली होती.

"आई, ही बंडी जळली म्हणाला होता ना तुमी?"

मंजुळाने टोपली खाली ठेवली. कांगावा नाही, रडारड नाही. "नाय जाळली."

"बटण कुठाय हिचं?"

"कापलं. खाडीत टाकलं. पोरीला टोचलं असतं."

"पण का? लुगडं कमी पडलं होतं का?"

"लगीन झाल्यापासून त्यांच्या श्वासाच्या आवाजात झोपले मी," मंजुळा म्हणाली. "एकदम गप झालं घर. तूच सांग, झोप लागंल? उशाशी घेऊन निजले ही, तवा कुठं डोळा लागला. मग म्हटलं, नातीला आज्याचं कापड नको? रीत हाय ती. आनी बटण नाय तर काय नाय त्याच्यात. नुसतं फडकं हाय."

रीत बरोबर होती. सासूचं दुःखही खरं होतं. पण नुसतं फडकं म्हणावं, तर ते तिच्या मांडीवर ऊब धरून बसलं होतं, आणि ही ऊब माझ्याच अंगाची असं तिने स्वतःला कितीही सांगितलं तरी पटत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने भाविकाला पोटभर पाजलं, वाटीत दूध काढून ठेवलं आणि "कंपनीत काम हाय, दुपारपर्यंत येते" असं सांगून बोईसर गाठलं. दुपटं पिशवीत.

गेटवरचा वॉचमन ओळखीचा, पण नियम म्हणजे नियम. "मैडम, छुट्टी में अंदर नहीं जाने का." मग तिने सपनाला बाहेर बोलावलं. सपना तिच्याच टेबलावरची, जव्हारकडची पोर, कमी बोलणारी. दोघी समोरच्या टपरीवर बसल्या. हवेत नेहमीचा, नाकाला झोंबणारा केमिकलचा वास होता.

सपनाने दुपट्यावर बोटं फिरवली आणि ओळखलं. "बटण?"

"नाय. कापलं."

"मग काय नाय. बनियन हाय नुसतं." असं म्हणत तिने दुपटं बाकावर ठेवलं आणि चहाचा ग्लास उचलला.

दुपटं किंचित फुगलं. मग बसलं.

दोघींनी ते पाहिलं. टपरीवरच्या प्लॅस्टिकचं एक टोकसुद्धा हलत नव्हतं.

"दमट हवा," हिना म्हणाली.

"हां. दमट हवा." सपनाने ग्लास खाली ठेवला. "आमच्या स्टोअरातपण दमटच हाय. परत आलेल्या बंड्या मी घडी घालून कपाटात ठेवल्या. त्या कपाटाचं दार लागून राहत नाय. कडी घातली तरी कुरकुरतं. फुगतात गं त्या. मग बसतात. सगळ्या एकदम नाय... जिचा तिचा ताल येगळा." ती बाकावर जरा लांब सरकली. "मी जात नाय आता तिकडं. सुजीत सरांना बोलले, तर म्हणाले सुटीवर जा. मग तेच नोकरी सोडून गेले."

हिनाने दुपटं उचलून मांडीवर घेतलं. "भाविका हेच घेऊन झोपते. जन्मल्यापासून."

सपनाने दुपट्याकडे बोट दाखवलं. "आनी तू हे इथं घेऊन आलीस? मग ती आता कशात झोपली असंल?"

"का?"

"अगं, दोन म्हाताऱ्यांनी एकदम काढली होती बंडी. जागेपणी काय नाय झालं. झोपले, आनी श्वास घ्यायचाच विसरले. घरच्यांनी हलवून हलवून उठवलं. म्हणून तर बंड्या परत मागवल्या, तवा सरांनी घरच्यांना सांगितलं होतं, रोज थोडी थोडी सोडवायची. एकदम नाय." सपनाचा आवाज चिरकला. "घरी फोन लाव, हिना. पोरीला झोपू देऊ नको म्हणावं."

हिनाने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मंजुळा अंगणात असली की फोन घरात फडताळावर पडून असतो, हे तिला माहीत होतं. सुगंधाला लावला. स्विच्ड ऑफ.

५

बोईसरहून पालघरची एसटी, पालघरहून रिक्षा. हिनाने दोन्हीकडे लोकांना ढकलून जागा मिळवली. हातात फोन, मांडीवर पिशवी. आणि पिशवी तिच्या पोटाशी हळूहळू वर येत होती, खाली जात होती. रस्त्याचे हादरे, ती स्वतःला म्हणाली. रिक्षा रेल्वेच्या फाटकाशी थांबली तेव्हाही पिशवी वर आली. मग खाली गेली.

काय करून बसलो आपण! घरच्या घरी उसवलं असतं, जाळलं असतं, सपनाला फोनवर विचारलं असतं. पण नाही. वस्तू हातात घेऊन दाखवल्याशिवाय या बाईला चैन पडत नाही ना! हिना स्वतःलाच शिव्या घालत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं गो?" हिनाने पुन्हा घरचा नंबर लावला.

शिरगावच्या फाट्याशी पिशवी थांबली. थांबली ती थांबलीच. हिनाने दोन्ही हातांनी ती पोटाशी दाबली, हलवली. आत फक्त कापड होतं, गार पडत चाललेलं.

"भाऊ, जोरात चालवा," ती ओरडली. "माझं बाळ हाय घरी!"

घराशी पोचली तेव्हा अंगणात बोंबील वाळत होते आणि मंजुळा ओट्यावर भाविकाला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे ओठ गुलाबी होते. डोळे उघडे होते. हिनाने तिला हिसकावून घेतलं, नाकाशी गाल नेला. श्वास होता. भुरभुरता, पोराचा, खरा श्वास. ती तिथेच बसली आणि हमसून हमसून रडली.

"काय झालं गो एवढं?" मंजुळा म्हणाली. "झोपली होती जरा. मधी थांबला श्वास तिचा."

"थांबला?"

"हां. काळी-निळी व्हायला लागली. मंग मी पाठीवर हात ठेवला, बोलले तिच्याशी. लागली घ्यायला."

"काय बोललात?"

"काय बोलणार? रोज बोलायची तेच."

हिनाने त्याच पावली पोरीला पालघरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ, ठोके चांगले, लक्ष ठेवा म्हणाले. परत आल्यावर तिने मागच्या अंगणात, पाणी तापवायच्या चुलीत दुपटं घातलं. सासू आडवी येईल, म्हणून भांडणाच्या तयारीनेच ती उभी होती. मंजुळाने उलट फुंकणी आणून दिली.

"जाळ," ती म्हणाली. "आता काय काम नाय त्याचं."

लुगडं भुरकन जळलं. चंदेरी धागे मात्र बराच वेळ लालबुंद राहिले. सासू इतकी शहाण्यासारखी कशी वागली, हे हिनाला रात्री आठवलं. पण भाविका रडत होती. घसा फोडून, हातपाय झाडत, शेजाऱ्यांची झोप उडवत रडत होती. हिनाला इतका गोड आवाज जन्मात ऐकू आला नव्हता, म्हणून तिने तो विचार बाजूला सारला.

६

पुढे चार-पाच दिवस पोर सगळ्या पोरांसारखीच वागली. झोपायची, पण टिचकी वाजली की उठायची. हिना डोळ्यांत तेल घालून बसायची. काही झालं नाही. फोनवर सपनाला म्हणाली, "सुटलो गं बाई." दर्पणची बोट संध्याकाळपर्यंत लागणार होती. मंजुळा टोपली घेऊन पालघरच्या बाजाराला गेली होती.

दुपारी भाविका साध्या चादरीवर झोपली होती. हिना दाराशी लसूण सोलत होती.

खं. खं.

हिनाच्या हातातली पाकळी पडली. ती पोरीजवळ गेली. छाती वर आलेली होती आणि तिथेच थांबली होती. हिनाने पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या मारल्या. उचलून, हलवून हाका मारल्या, "भाविका! ए भावू! बाळा!" ओठांची कड निळी पडायला लागली. "सुगंधाताई!" ती किंचाळली. शेजारी कुणी नव्हतं. सगळी बंदरावर.

तेव्हा भाविकाने डोळे उघडले.

घाबरलेले नव्हते ते डोळे. श्वास कोंडलेल्या पोराचे नव्हतेच. ती आईकडे बघत होती, शांतपणे. दारात उभं राहून आतल्या आवाजाची वाट बघणारं माणूस बघतं, तशी.

हिनाला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. सासू काय बोलली होती तेही कळलं, आणि तिने दुपटं खुशाल का जाळू दिलं तेही. ओठ मिटून तिने मान हलवली. नाही. ते शब्द मी उच्चारणार नाही. एकदा म्हटलं की ही माझी राहायची नाही. ही माझी पोर आहे, नऊ महिने पोटात वाढवलेली, हिच्या तोंडाला तोंड लावून मी फुंकर घालीन. तिने घातली फुंकर. पुन्हा घातली. हवा आत जाईना, दार आतून लावून घेतल्यासारखं. निळाई गालांपर्यंत आली. छोटीशी मूठ सैल पडली.

आणि डोळे अजूनही वाट बघत होते.

"आला..." ती रडत होती. "आला काय तुमी? चा टाकते."

"हुं," भाविका म्हणाली. लांबलचक, समाधानाने, छातीच्या तळातून.

श्वास सुटला. दुसरा आत गेला, सावकाश. थांबला. सावकाश बाहेर आला. गालांवर रंग चढला. हिनाने तिला उराशी घट्ट धरलं, मुके घेतले, "माझी गं, माझी गं" म्हणत राहिली. ऊब तीच होती, दुपट्याची.

थोड्या वेळाने तिला जाणवलं की पोरीची नजर तिच्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे लागली आहे. आणि श्वास पुन्हा लांबत चालला आहे. दोन श्वासांच्या मधली जागा दर वेळी थोडी वाढते आहे.

हिनाने तिला कडेवर घेतलं, स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं.